तारीख न घालता राजीनाम्यावर सही घेतलीय. संघटनेची पावती आता फाडू का?

शाईचा डाग | ३ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका शाळेत नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. इंग्रजी माध्यम, राज्य मंडळ, विनाअनुदानित. या जूनमध्ये नऊ वर्षं होतील. नेमणुकीचं पत्र आहे, पगार बँकेत येतो (आकडा विचारू नका, लाज वाटते).

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी एकेकीला ऑफिसात बोलावलं. क्लार्कने टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तो स्वीकारावा ही विनंती.' खाली नाव छापलेलं, सहीला जागा, दिनांकापुढे नुसती टिंबं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "मॅडम, नवीन ऑडिटर आलेत, सगळ्यांच्या फायलीला लागतं. तुम्हाला कोण काढतंय!" मागे चौघी उभ्या होत्या, नववी ब चा तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती. केली सही. अकरा जणांनी केली.

त्याच सुमाराला आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी एका शिक्षक संघटनेची पावती फाडली, वर्षाचे पाचशे. स्टाफरूममध्ये दोघीतिघींना "तुम्हीही व्हा" म्हणाल्या. जानेवारीच्या मीटिंगमध्ये मुख्याध्यापिकांनी नाव न घेता ऐकवलं, "घरातलं घरात मिटवायचं असतं, बाहेरच्यांना उंबरा ओलांडू द्यायचा नसतो."

१२ मेला या मॅडमना शाळेत बोलावून पत्र हातात दिलं. 'आपण दि. १ मे रोजी दिलेला राजीनामा व्यवस्थापनाने स्वीकारला आहे.' सोबत राजीनाम्याची झेरॉक्स. टिंबांवर तारीख भरलेली, क्लार्कच्या अक्षरात. पाचाची वरची आडवी रेघ सुटी काढायची सवय आहे त्याला. आमचे लेट मार्क त्याच अक्षरात पडतात, त्यामुळे सगळ्या स्टाफला ते अक्षर पाठ आहे.

माझा कागद अजून त्याच कपाटात आहे. प्रश्न दोन. एक, मी आता संघटनेची सभासद झाले तर वाचेन की उलट नजरेत येईन? दोन, त्या मॅडमचं काही होऊ शकतं का? त्या म्हणतात, सही माझीच आहे, आता काय बोलणार.

---

मधली सुट्टी | ३ जून, रात्री ११:०६

१ मेला राजीनामा? कामगार दिनाला? संस्थाचालकांच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी.

---

शाईचा डाग | ३ जून, रात्री ११:११

हो ना. आणि त्या दिवशी झेंडावंदनाला मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. साडेसातला झेंडा, मग निकालाची प्रगतिपुस्तकं वाटली, दहाला कुलूप. स्टाफच्या ग्रुपवर फोटो आहेत.

---

ऐरोलीकर | ३ जून, रात्री ११:३०

कटू बोलतो, राग मानू नका. संघटना म्हणजे निवडणुकीची यंत्रणा. विधान परिषदेच्या कोकण शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जानेवारी २०२३ मध्ये झाली, तेव्हा आमच्या शाळेत महिनाभर रोज कोणी ना कोणी पेढे नाहीतर डायऱ्या घेऊन येत होतं. निकाल लागला आणि मंडळी गायब. आता २०२९ ला उगवतील. बायको प्राथमिकला शिकवते, तिला तर मतही नाही, त्यामुळे तिच्या वाट्याला डायरीसुद्धा आली नाही. पाचशे रुपयांत सहकुटुंब मिसळ खा.

---

वकिलीणबाई | ४ जून, सकाळी ६:४५

आधी दुसरा प्रश्न, कारण त्याला घड्याळ लागलंय.

शाईताई, तुमच्या मॅडमना पत्र १२ मेला मिळालं. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. लांबलचक नाव आहे, कोर्टात सगळे एमईपीएस म्हणतात. त्याच्या कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, आणि आदेश हातात पडल्यापासून मुदत तीस दिवसांची. म्हणजे ११ जून. आज ४ तारीख. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळते, पण त्या भरवशावर बसू नये. मे महिन्यात माणसं गावाला जातात, वकील सुट्टीवर असतात, आणि शाळा पत्रं नेमकी मे महिन्यात देतात. हा योगायोग मी दरवर्षी पाहते.

"सही माझीच आहे" म्हणून गप्प बसायचं कारण नाही. याच कायद्याचं कलम ७ वाचा. राजीनामा कर्मचाऱ्याने स्वतः तयार करायचा, दोन प्रतींत. दोन्हींवर सही, दोन्हींवर तारीख. एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टाने, दुसरी स्वतःजवळ. विधिमंडळाला काही हौस नव्हती एवढं बारीक लिहायची. कोरे आणि बिनतारखेचे राजीनामे घेऊन ठेवायची रीत जुनी आहे, तिच्यासाठीच हे कलम. आता मॅडमना विचारा: तुमच्याजवळ दुसरी प्रत आहे? पोस्टाची पावती आहे? दोन्ही नाही. मग हा राजीनामा पाठवला कोणी?

कोर्ट शेवटी बघतं ते एकच, राजीनामा मनाने दिला होता का. झेंडावंदनाचे फोटो, ते 'पाच'चं अक्षर, दिवाळीआधी अकरा जणांकडून एकाच मजकुरावर घेतलेल्या सह्या, हे सगळं त्याच प्रश्नाकडे नेतं. शिवाय या कायद्याखालच्या १९८१ च्या नियमांतल्या नियम ४० प्रमाणे कायम कर्मचाऱ्याने राजीनाम्याआधी तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते. १ मेला दिला आणि १२ मेला संपला? एवढी घाई कोणाला होती?

मॅडमना नेमणुकीचं पत्र घेऊन आजच वकील गाठायला सांगा. फोनवर सल्ला देणारा नको, समोर बसून कागद बघणारा.

---

शाईचा डाग | ४ जून, सकाळी ७:२०

ताई, हात जोडते. मॅडमना वाचून दाखवलं, त्या रडायलाच लागल्या. पण एक शंका. आम्ही विनाअनुदानित. हा कायदा अनुदानवाल्यांचा ना? मुख्याध्यापिका तर कायम म्हणतात, सरकार आपल्याला दमडी देत नाही म्हणून सरकारी नियमही आपल्याला नाहीत.

---

वकिलीणबाई | ४ जून, सकाळी ७:४१

कलम ३: राज्यातल्या सगळ्या खाजगी शाळांना, अनुदान मिळो वा न मिळो. मुख्याध्यापिकांना एवढं एकच पान वाचायला द्या. शाळा मान्यताप्राप्त आहे का आणि मान्यता कोणाची, हे मात्र बघावं लागतं. तुमची राज्य मंडळाची, तिथे अडचण नाही. इतर बोर्डांच्या शाळांत यावरून वाद होत आले आहेत, म्हणून त्या शाळांतल्या वाचकांनी मान्यतेचं पत्र आधी वकिलाला दाखवावं, नंतर बाकीचं बोलावं.

---

फळा पुसणारा | ४ जून, दुपारी १:१५

मी चौतीस वर्षं कळव्याच्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवलं, त्यातली बावीस संघटनेचं काम केलं. ऐरोलीकरांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. पेढे मीही वाटलेत.

पण संघटना कशासाठी, याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. कायद्याचं संरक्षण पावती बघून मिळत नाही. कलम ४(६) म्हणतं, कायदा आणि नियमांत सांगितल्याशिवाय कोणालाही निलंबित, बडतर्फ किंवा सेवेतून कमी करता येणार नाही. त्यात 'सभासद असल्यास' असं कुठेही नाही. शाईताई, नऊ वर्षं तुम्ही पावतीशिवायच त्या कलमाखाली आहात.

पावती लागते ती चौकशीच्या खोलीत. एखाद्याला काढायचं तर १९८१ च्या नियमांतल्या नियम ३६ प्रमाणे तिघांची चौकशी समिती बसते. एक माणूस व्यवस्थापनाचा. एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला. आणि एक तुम्ही सांगाल तो, कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. आता विचार करा, आरोपपत्र हातात आलेल्या शिक्षकाला रात्री झोप नाही, आणि त्याला पंधरा दिवसांत असा माणूस शोधायचाय जो दुसऱ्याच्या भांडणात रविवार घालवेल, संस्थेच्या अध्यक्षासमोर तोंड उघडेल आणि नियम वाचून आलेला असेल. शेजारच्या शाळेतला मित्र म्हणतो, "अरे, माझ्याच संस्थेला कळलं तर?" तिथे संघटना माणूस देते. मी अकरा चौकशांत बसलो.

एक सांगतो. चित्रकलेचे शिक्षक होते, आरोप की सतरा दिवस न सांगता गैरहजर. खोली म्हणजे शाळेची प्रयोगशाळा, टेबलावर बर्नरचे डाग, कोपऱ्यात सांगाड्यावर कोणीतरी टोपी ठेवलेली. व्यवस्थापनाचे सदस्य हजेरीपटाची झेरॉक्स घेऊन आलेले. मी म्हटलं, मूळ वही आणा. "कपाटाची चावी नाही." थांबतो म्हटलं. दोन चहा झाले, तिसऱ्याला चावी सापडली. वही आली. पानांना छापील क्रमांक होते. सेहेचाळीसनंतर थेट एकोणपन्नास. पुरस्कारवाले गुरुजी तोवर डोळे मिटून बसले होते, त्यांनी चष्मा लावला आणि पान बोटाने चाचपून बघितलं. मग विचारलं, "मधलं पान कुठंय?" एवढंच. चित्रकलेचे सर पुढे आणखी नऊ वर्षं नोकरी करून निवृत्त झाले.

त्या खोलीत सर एकटे असते तर त्यांनी झेरॉक्सवरच सही केली असती. मास्तर लोकांना कागदाची भीती वाटते, कितीही पेपर तपासले तरी.

---

मधली सुट्टी | ४ जून, दुपारी १:४०

सांगाड्यावरची टोपी! सर, तुम्ही स्वतंत्र धागा काढा.

---

काठावर पास | ४ जून, दुपारी ३:०२

मी वाशीला एका शाळेत क्लार्क आहे. वरच्या क्लार्कला सगळे शिव्या घालताय म्हणून आलो. त्याने तारीख घातली ते चूकच. पण त्याला कोणी सांगितलं आणि नाही म्हटलं असतं तर त्याचं काय झालं असतं, हेही बघा. शिक्षक निदान स्टाफरूममध्ये बसून बोलतात. आम्ही साहेबांच्या दाराशी बसतो.

या कायद्यात 'कर्मचारी' म्हणजे शिक्षकेतरही येतात. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल, सगळे. आमच्या वेगळ्या संघटनाही आहेत. तरी दर वेळी पोस्टर 'शिक्षकांचा मोर्चा' असंच. आणि आता नवीन शाळांत शिपाईच नाहीत, ठेकेदाराचे 'हाउसकीपिंग' आहेत. त्यांचा मालक कागदोपत्री ठेकेदार, म्हणून शाळा हात वर करते. आमच्याकडची मावशी चौदा वर्षं त्याच शाळेत घंटा देतेय, तीन ठेकेदार बदलले. प्रत्येक वेळी तिची नोकरी पहिल्या दिवसापासून.

---

फळा पुसणारा | ४ जून, दुपारी ३:३०

पोस्टरचं खरं आहे. चूक आमचीच, मान्य.

---

ऐरोलीकर | ४ जून, संध्याकाळी ७:१८

फळाकाका, गोष्ट भारी. पण ती अनुदानित शाळेची. तिथे पगार सरकारकडून, शालार्थ या सरकारी पगारप्रणालीतून. व्यवस्थापनाचं काय जातं? विनाअनुदानितमध्ये जूनला नवीन नेमणूक, एप्रिलला समाप्त, पुन्हा जूनला नवीन नेमणूक. माझी मेहुणी कोपरखैरण्यात अशी पाच वर्षं 'नवीन' आहे. तिच्यासाठी कुठली प्रयोगशाळा आणि कुठला सांगाडा?

---

वकिलीणबाई | ४ जून, रात्री ९:०५

ऐरोलीकर, मुद्दा रास्त आहे, आणि इथे गोड बोलून उपयोग नाही.

कलम ५ प्रमाणे कायम रिक्त पदावर नेमलेला माणूस आधी परिवीक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर असतो. साधारण दोन वर्षं, शिक्षण सेवक (सुरुवातीला मानधनावर नेमलेला शिक्षक) असेल तर तीन. ती पूर्ण झाली की कायम समजला जातो. पण पद कायमचं रिक्त हवं, पात्रता हवी, निवड रीतसर हवी. नेमणूक ठरावीक मुदतीची तात्पुरती असेल तर नुसती वर्षं मोजून माणूस कायम होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हिंदुस्तान एज्युकेशन सोसायटीच्या खटल्यात सांगितलंय. म्हणून मेहुणीबाईंची पाचही पत्रं महत्त्वाची. त्या पदावर मधल्या काळात दुसरं कोणी होतं का, जाहिरात निघाली होती का, प्रत्येक पत्रात काय शब्द आहेत. 'तात्पुरती' हा एक शब्द अख्खी केस फिरवतो. शाईताई, तुमच्या पत्रात काय लिहिलंय?

अवांतर: शिक्षकाला लेबर कोर्टात जाता येत नाही. १९८८ च्या सुंदरंबाळ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक 'वर्कमन', म्हणजे कायद्याच्या अर्थाने कामगार, नाहीत असं ठरवलं, शिकवणं हे उदात्त कार्य म्हणून. उदात्ततेचा दागिना असा महाग पडतो. म्हणून शिक्षकाला शाळा न्यायाधिकरण हेच दार.

---

शाईचा डाग | ४ जून, रात्री ९:२६

'परिवीक्षाधीन, दोन वर्षे'. २०१७ चं पत्र. त्यानंतर दुसरं पत्र दिलंच नाही.

---

वकिलीणबाई | ४ जून, रात्री ९:२९

छान. ते लॅमिनेट करू नका, स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा.

---

निवृत्त बाई नेरूळ | ५ जून, सकाळी १०:१०

उदात्तवरून आठवलं. ग्रॅच्युइटीलाही तसंच झालं होतं. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, शिक्षक त्या कायद्यातल्या 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत. मग २००९ मध्ये संसदेने दुरुस्ती केली, तीही मागे नेऊन, ३ एप्रिल १९९७ पासून. खाजगी शाळा त्याविरुद्ध भांडल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरल्या.

मी २०२१ ला निवृत्त झाले, चौदा वर्षं नोकरी. शाळेने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ग्रॅच्युइटी विचारली तर म्हणाले, "आपल्याकडे ती पद्धत नाही." पद्धत! निकालानंतर कामगार खात्याच्या ग्रॅच्युइटीवाल्या अधिकाऱ्याकडे अर्ज केला. हिशेब सोपा असतो. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला सव्वीसने भागायचं, पंधराने गुणायचं, मग वर्षांनी. माझे सव्वीस हजार होते, म्हणजे वर्षाला पंधरा हजार, चौदा वर्षांचे दोन लाख दहा हजार. संघटनेच्या एका मुलाने अर्ज भरून दिला, मी कधीच सभासद नव्हते तरी. त्याला चहा पाजला, बस. पैसे आले, भिंतीवरचं घड्याळ मात्र दुसऱ्या वर्षी बंद पडलं.

---

एक विश्वस्त | ५ जून, दुपारी १२:४८

दुसऱ्या बाजूने कोणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून लिहितो. मी एका छोट्या संस्थेत विश्वस्त आहे, नवी मुंबईत. कोरा राजीनामा घेणं निंद्य आहे, त्याचं समर्थन करत नाही. पण चित्र एकतर्फी रंगवू नका. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) पंचवीस टक्के राखीव जागांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारकडून वेळेवर येत नाही. शेजारी मोठ्या साखळीतली शाळा उघडली की दोन वर्षांत आमच्या तुकड्या कमी होतात. तुकडी बंद झाली तर शिक्षकाचं काय करायचं? आणि एखादा खरोखरच शिकवत नसेल, मुलांना मारत असेल, तर त्याला काढायला या कायद्यात नाकी नऊ येतात. संघटना त्याच्याही मागे उभी राहते. तेव्हा पालक आम्हाला शिव्या देतात, संघटनेला नाही.

---

फळा पुसणारा | ५ जून, दुपारी २:२०

विश्वस्तसाहेब, लिहिलंत हे बरं केलंत. मारकुट्या मास्तरामागे आम्हीही उभे राहिलो आहोत, एकदा तर मला स्वतःला त्याची लाज वाटली. त्याला वाचवलं नाही, पण चौकशी नीट व्हावी म्हणून बसलो, आणि तो गेला. रीतसर गेला. आज त्याला कुठे अपिलात जागा नाही.

तुकडी बंद होण्याचं मात्र नियमात लिहिलेलं आहे. नियम २६. पद कमी झालं तर सेवाज्येष्ठतेने सर्वांत कनिष्ठ जातो, तीन महिन्यांची नोटीस, शिक्षणाधिकाऱ्यांची आधी मंजुरी. या धाग्यातल्या मॅडम कनिष्ठ आहेत का? शाईताई?

---

शाईचा डाग | ५ जून, दुपारी २:५५

विज्ञानात त्याच सर्वांत सीनियर. त्यांच्या जागी मुलाखती झाल्यासुद्धा, गेल्या शनिवारी. म्हणजे पद आहेच.

---

एक विश्वस्त | ५ जून, दुपारी ३:१०

मग माझ्याकडे बोलायला काही नाही.

---

पाटी कोरी | ५ जून, रात्री १०:०१

पालक म्हणून लिहिते. मुलीला सहावीत एका वर्षात विज्ञानाच्या तीन टीचर झाल्या. आम्हाला वाटायचं, मुलीच टिकत नाहीत, लग्न करून जातात. असं असतं हे माहीत नव्हतं. या मॅडमसाठी पालकांनी काही लिहून दिलं तर उपयोग होतो का?

---

वकिलीणबाई | ५ जून, रात्री १०:३३

अपिलात फारसा नाही. शाळेच्या ऑफिसात होतो.

---

गणवेश | ६ जून, सकाळी ८:१५

मी महापालिकेच्या शाळेत प्राथमिकला. एमईपीएस आम्हाला नाही, आमचं सेवेचं खातं वेगळं. पण नोकरीच्या हमीवर बोलताय म्हणून: १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीच्या आम्हा जुन्यांनाही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, बंधनकारक झाली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त असतील तर दोन वर्षांत पास व्हा, नाहीतर घरी. मी एकोणपन्नासची आहे. मुलगा बारावीचा अभ्यास करतो, समोर मी बालमानसशास्त्राचा. तो मला प्रश्न विचारतो आणि चुकलं की हसतो. आमच्याकडे जी ती संघटना निवेदन देतेय, फोटो काढतेय. मी दोन संघटनांची पावती फाडलीय, शिवाय क्लासही लावलाय.

---

ऐरोलीकर | ६ जून, सकाळी ८:४०

दोन पावत्या आणि एक क्लास. हे खरं शहाणपण.

---

शाईचा डाग | ७ जून, रात्री ११:४०

थोडी प्रगती. मॅडमना वकील मिळाले, अपील मंगळवारी दाखल होईल.

माझ्या कागदाचं काय करायचं यावर आज मॅडमच्या घरी वर्तकनगरला बसलो. अकरांपैकी मॅडम धरून आठ जणी आलो होतो. संघटनेचे एक सर आले होते, डायरी-पेढे काही नाही, पाठीला सॅक, पावसात भिजलेले. त्यांचं म्हणणं, प्रत्येकीने पत्र द्यायचं: 'अमुक सुमारास माझ्याकडून बिनतारखेच्या राजीनाम्यावर सही घेण्यात आली, तो मी स्वेच्छेने दिलेला नाही व तो मागे घेत आहे.' एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. मी विचारलं, सगळ्यांचं मिळून एकच पत्र का नको? ते म्हणाले, "एका पत्रावर आठ सह्या असल्या की पहिल्या सहीवालीला पुढारी म्हणतात. आठ पत्रं एकाच दिवशी गेली की पुढारी शोधत बसतात." वकिलीणबाई, बरोबर आहे का हे? आणि मागे घेता येतो ना?

---

वकिलीणबाई | ८ जून, सकाळी ६:५०

राजीनामा अमलात येण्याआधी मागे घेता येतो. तुमचा तर जन्मलाच नाहीये, तरी लिहून ठेवणं उत्तम. मजकूर ठीक आहे. 'अमुक सुमारास' नको, आठवेल तेवढी नेमकी तारीख आणि कोणाच्या समोर ते लिहा. प्रत्येकीने आपल्या शब्दांत. एकच मजकूर आठ वेळा छापलात तर त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला!

पोस्टाने पाठवा, हाती देऊन पोच मागत बसू नका.

---

काठावर पास | ८ जून, सकाळी ९:१२

एक व्यवहारातली गोष्ट. रजिस्टर पोस्ट म्हणून वेगळं आता मिळत नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात विलीन केलं. खिडकीवर "स्पीड पोस्ट, नोंदणीसह, पोचपावतीसह" असं स्पष्ट सांगा, नाहीतर साधं स्पीड पोस्ट करून देतात. पावतीवर पत्ता नीट आला का तिथेच बघा. शाळेचं नाव अर्धवट आलं की आम्ही क्लार्क लोक 'आमचं नाही' म्हणून परत पाठवतो. सांगायला नको होतं, पण सांगितलं.

---

मधली सुट्टी | ८ जून, सकाळी ९:२०

शत्रूच्या गोटातून आलेली खबर. काठावर पास यांना एक मिसळ लागू.

---

शाईचा डाग | ९ जून, सायंकाळी ६:३५

अपील दाखल झालं. अठ्ठाविसावा दिवस. मॅडमनी मेसेज केला, "नंबर पडला." कायद्यात म्हणे तीन महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं आहे. वकील म्हणाले, प्रयत्न हा शब्द लक्षात ठेवा, वर्षं जातात. मॅडमनी घरच्या घरी आठवी-नववीचे विज्ञानाचे क्लास सुरू केलेत, पहिल्याच दिवशी आमच्याच शाळेची सहा मुलं.

पत्रं आठ नाही, सहाच गेली. एकीचं घराचं कर्ज नुकतं मंजूर झालंय, ती शेवटच्या क्षणी खिडकीवरून परत फिरली. आणि मॅडमना वेगळं पत्र द्यायची गरज नव्हती, त्यांचं अपिलातच आलं. कर्जवालीला कोणी काही बोललो नाही. तिने सगळ्यांसाठी रिक्षाचे पैसे दिले.

पावतीचं: फाडली. सरांनी सॅकमधून पुस्तक काढलं, कार्बन पेपर घातला आणि विचारलं, "तारीख कोणती घालू?" आम्ही सगळ्या एकदम ओरडलो, आजची.

---

फळा पुसणारा | ९ जून, रात्री ८:०२

१५ ला शाळा उघडेल. मस्टरवर सही करताना रोज मोबाइलमध्ये पानाचा फोटो काढा. पानाचा क्रमांक दिसेल असा.

---

ऐरोलीकर | ९ जून, रात्री ८:३०

मेहुणीची पाचही पत्रं सापडली. चार तिच्याकडे, एक माझ्याच कपाटात, पासपोर्टच्या फायलीत. तिसऱ्या पत्रात 'तात्पुरती' हा शब्दच नाही. वकिलीणबाई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.